गाण्यात ‘लागंल’ आहे, ‘लागला’ नाही

भाकऱ्या उरकल्या असतील तर भिंतीला टेकून निवांत बसा. उरकल्या नसतील तर रेडिओ चुलीजवळ आणा, पण परातीपासून लांब ठेवा. आमच्यातल्या एकीचा रेडिओ मागं पिठात पडला होता, तो अजून खोकतोय.

आम्ही बोलतोय धारूरच्या डोंगरपट्ट्यातून. आमचा गट तेरा जणींचा. त्यातल्या नऊ जणींनी ऊस तोडलाय, काही जणी अजून तोडतात. दिवाळीचा दिवा विझला की कारखान्याला जायचं आणि पट्टा पडला की परत यायचं, असं आमचं वर्ष. मागच्या खेपेला आम्ही सीताफळाच्या गराबद्दल बोललो होतो. या वेळी रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, “एखाद्या गाण्याबद्दल बोला. कुणी लिहिलं, कुणी गायलं, ते एवढं का चाललं.” आम्ही लगेच हो म्हणालो. भांडण लागलं ते नंतर, कोणतं गाणं घ्यायचं यावरून.

आमच्यातल्या सात जणींनी एकच गाणं सांगितलं : ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’. दोघी गप्प बसल्या. बाकीच्या चौघी म्हणाल्या, “हे नको. ट्रॅक्टरवर लावतात ते गाणं. पोरी दिसल्या की आवाज वाढवतात. आपल्या रेडिओवर आणि हे?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच आम्ही हे गाणं घेतलंय. ते आमच्यावर इतक्यांदा फेकलंय की आता एकदा हातात घेऊन बघू म्हटलं.

हे गाणं ‘मल्हारी मार्तंड’ या सिनेमातलं, १९६५ सालचं. लिहिलं ग. दि. माडगूळकरांनी, चाल वसंत पवारांची, आणि आवाज सुलोचना चव्हाण यांचा.

माडगूळकर म्हणजे गीतरामायणवाले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, असं वर्षभर त्यांचं गीतरामायण चाललं. सुधीर फडके गायचे आणि लोक रेडिओला हार घालून ऐकायचे असं आमच्या सासवा सांगत. तोच माणूस लावणीही लिहायचा, आणि अशी लिहायचा की फडावरच्या शाहिरानं मान डोलवावी. आम्हाला याचं नवल वाटायचं, पण नंतर कळलं की ते माणदेशातले, आटपाडीकडचे. म्हणजे आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातले. पाऊस नाही, जगायला बाहेर पडायचं, हे त्यांच्या गावानंही पाहिलेलं. आणि कृष्णाकाठचा ऊस तिथून काही फार लांब नाही. उसाकडे बघायचं ते शेजारच्याच्या ताटाकडं बघावं तसं. असं लांबून बघणाऱ्या माणसाला ऊस जास्त नीट दिसतो, असं आमच्या थोरल्या मावशी म्हणतात. आम्हीही दुसऱ्याचाच ऊस बघत आलोय.

वसंत पवार मूळचे सतार वाजवणारे. १९५९ साली आलेल्या ‘सांगत्ये ऐका’ची गाणी त्यांचीच. तो सिनेमा पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३० हून जास्त आठवडे चालला. अडीच वर्षं एकाच पडद्यावर! तेव्हापासून मराठीत तमाशाच्या सिनेमांची रांगच लागली, आणि ढोलकीचं गाणं करायचं तर वसंत पवारांकडे जायचं असं झालं.

आता आधी गाण्याचे शब्द घेऊ, कारण ते आमच्या कामातले आहेत. शहरातली माणसं हे गाणं ऐकून हसतात, पण त्यातला फड म्हणजे काय, तुरा म्हणजे काय, हे त्यांना विचारा. सांगता यायचं नाही.

फड म्हणजे तोडणीचं रान. मुकादम म्हणतो, “उद्या नव्या फडावर,” म्हणजे पहाटे तीनला उठायचं, भाकरी बांधायची, लेकरू उचलायचं आणि निघायचं. पण फड तमाशाचाही असतो आणि कुस्तीचाही. जिथं माणसं जमतात आणि कस लागतो तो फड. तुऱ्याचंही तसंच. उसाला तुरा येतो, फेट्याला तुरा असतो, आणि शाहिरांमध्ये कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, रात्र रात्र सवाल-जवाब करणारे. माडगूळकरांनी एका ओळीत हे सगळं बसवलं. ऊसवाल्याला ऊस दिसतो, तमाशावाल्याला तमाशा दिसतो, आणि ज्याच्या डोक्यात दुसरंच काही आहे त्याला दुसरं दिसतं.

तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. आता तो पिकला. लगेच काही बिघडत नाही, महिना-दीड महिना तो कळ काढतो. पण तसाच उभा राहिला तर डोळ्यांतून पांगशा फुटतात, कांड्याला दशी पडते, आतून पोकळ होतो. तोडताना हाताला कळतं : कोयता मारल्यावर आवाजच वेगळा येतो. वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, आणि शेतकरी कपाळाला हात लावून बांधावर बसतो. म्हणून तुरा आला की शेतकरी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात चकरा मारतो, ‘माझा फड आधी घ्या’ म्हणतो.

आणि कोल्हा? तो उसात असतोच. पहाटे तोडायला सुरुवात केली की सळसळतं आणि पायाजवळून पळून जातो. आम्ही पुष्कळदा पाहिलाय. खाली चघळलेल्या उसाचा चोथा दिसतो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण उसाला त्याहून जास्त राजी. मात्र तो भित्रा आहे. दहा बायांचा आवाज आला की थांबत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता बारीक कान देऊन ऐका. या गाण्यात तीन शब्द आहेत जे पोरं गाताना खातात किंवा बदलतात. पहिला शब्द ‘गं’. हे गाणं बाईला उद्देशून आहे आणि गाणारीही बाईच आहे. म्हणजे पाणवठ्यावर एक बाई दुसरीला सांगते तसं. दुसरा शब्द ‘सांभाळ’. फड तुझा आहे आणि राखणारी तूच आहेस. तिसरा शब्द सगळ्यात मोठा. कोल्हा उसाला ‘लागंल’ असं म्हटलंय. लागंल म्हणजे लागेल. अजून लागलेला नाही. ट्रॅक्टरवाले गातात ‘लागला’. एवढ्या एका अक्षरानं सावध करणाऱ्या गाण्याचं चिडवणारं गाणं होतं. इशारा होता, तो निकाल झाला.

हे आम्हाला पहिल्यापासून माहीत नव्हतं. गटात मोबाईलवर चार वेळा लावून ऐकलं तेव्हा कळलं. पण आमच्या थोरल्या मावशींना माहीत होतं. त्यांनी ते तंबूतल्या सिनेमात ऐकलेलं, जत्रेला, पुढं पोत्यावर बसून. त्यांची गोष्ट पुढं येते.

आधी सुलोचनाबाईंबद्दल. त्यांचा जन्म १९३३चा, मुंबईत गिरगावातला. माहेरच्या त्या कदम. घरी फोनो होता, तबकड्या होत्या. लावणीची तबकडी लावून बसलं की आई रागवायची असं त्या सांगत. आपल्याकडं काय वेगळं आहे? घरंदाज बाईनं लावणी ऐकायची नाही, गायची तर गोष्टच सोडा. लहानपणी त्या मेळ्यात गायल्या, मग हिंदी सिनेमात गायल्या. मोहम्मद रफी, मन्ना डे यांच्याबरोबर त्यांची गाणी आहेत. १९५१ साली ‘ढोलक’ नावाचा एक हिंदी सिनेमा आला, त्यातली त्यांची गाणी गाजली. नाव बघा, ‘ढोलक’! ढोलकीची वाट त्यांना तिथूनच दिसली होती की काय कोण जाणे. रीतसर गाणं त्या कुणाकडं शिकल्या नव्हत्या. ऐकून ऐकून गळा तयार झाला, आमच्या आज्यांच्या ओव्या तयार झाल्या तसा.

लावणीकडं त्या वळल्या आचार्य अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’मध्ये, वसंत देसाईंच्या चालीवर. ती लावणी पडद्यावर हंसा वाडकरांनी केली. पुढं अत्र्यांनीच त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. त्यांचे पती शामराव चव्हाण सिनेमाचे दिग्दर्शक. लावणीत शब्द कुठं दाबायचा, कुठं फेकायचा, कुठं नुसता सोडून द्यायचा, हे त्यांच्याकडून शिकल्याचं बाई सांगत.

आणि गायच्या कशा, ते पाहिलंय तुम्ही? दूरदर्शनवर आमच्यातल्या दोघी-तिघींनी पाहिलंय. अंगभर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून. ना डोळे मोडणं, ना हातवारे. सगळी अदा गळ्यात. डोळे मिटून ऐकलं तर समोर बाई नाचतीय असं वाटावं आणि उघडून बघावं तर एखादी मावशी देवळात उभी असावी तशी. पदर घेऊन गाणं बरोबर आणि बिनपदराचं चूक, असं आम्हाला म्हणायचं नाही. ज्या बाया नाचून पोट भरतात त्यांच्याकडं बोट दाखवायचा आम्हाला काय अधिकार? विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तमाशा चालू असताना पोटात कळा आल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या असं सांगतात. आम्ही ती गोष्ट ऐकली तेव्हा आमच्यातल्या एकीनं फक्त मान हलवली. तिचा मधला पोरगा फडातच झालाय, पाचटावर. तिसऱ्या दिवशी ती मोळ्या बांधत होती, कारण खाडा पडला असता.

फड तमाशाचा असो की उसाचा, बाईची सुट्टी कुणी धरत नाही.

गाणं तयार कसं व्हायचं तेही सांगतो. आता एक जण आज गातो, दुसरा उद्या वाजवतो, मशीन जोडून देतं. त्या काळी तसं नव्हतं. गाणारी, ढोलकीवाला, तुणतुणंवाला, पेटीवाला, मागं झील धरणारे, सगळे एका खोलीत, एका वेळी. कुणाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यात सगळं बसवायचं. गाणारीला एकाच दमात लाडही दाखवायचा आणि दमही द्यायचा. सुलोचनाबाईंनी या गाण्यात तेच केलंय. ‘सांभाळ’ म्हणताना त्या विनवत नाहीत, बजावतात.

वर्ष-दोन वर्षांच्या अंतरात त्यांची कितीतरी गाणी आली. ‘सोळावं वरीस धोक्याचं’ हे १९६४च्या ‘सवाल माझा ऐका’तलं, जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं, चाल पुन्हा वसंत पवारांचीच. ही गाणी टॉकीजमधून बाहेर पडली ती लग्नाच्या मांडवात शिरली. लाउडस्पीकरवाला कर्णा झाडाला बांधायचा, तबकड्यांची पेटी उघडायचा, आणि नवरीला हळद लागत असताना अख्ख्या गावाला लावणी ऐकू जायची. बाया घरात कणीक मळता मळता ओठातल्या ओठात म्हणायच्या. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. मग कॅसेट आली, टेप आला, ट्रॅक्टरला टेप बसला. आता मोबाईल. साठ वर्षं झाली, गाणं काही मागं राहिलं नाही. आम्ही कारखान्याला गेलो की तेही येतं.

मध्येच एक परदेशातली गोष्ट. आम्ही हे गाणं निवडलं तेव्हा रेडिओवरच्या ताईंनी आम्हाला अमेरिकेचं एक गाणं ऐकवलं. शब्द कळले नाहीत, पण बाईचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. गाणारीचं नाव अरेथा फ्रँकलिन, काळ्या लोकांच्या समाजातली. वडील चर्चमध्ये प्रवचन करायचे, आणि ती लहानपणापासून तिथं गायची, जसं आपल्याकडं कुणी भजनात गातं. त्या लोकांच्या अशा गाण्याला ‘सोल’ म्हणतात, म्हणजे जीव. गाण्याचं नाव ‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान. गंमत अशी की ते गाणं मूळ एका पुरुषाचं, ओटिस रेडिंगचं. त्यानं ते लिहिलं आणि गायलं १९६५ साली, आपलं ‘फड सांभाळ’ आलं त्याच वर्षी. त्याच्या गाण्यात पुरुष म्हणतो, मी कमवून घरी येतो, मला मान दे. अरेथानं १९६७ साली तेच गाणं घेतलं, चार शब्द इकडचे तिकडं केले, मान या शब्दाचं एक एक अक्षर शाळेतल्यासारखं सुटं करून म्हटलं, मागं आपल्या बहिणींना उभं केलं आणि उलटं सांगितलं : मीही कमावते, मला मान दे. ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. तिथल्या बाया मोर्चात ते म्हणायला लागल्या. मूळ गाणं ज्याचं, तोच म्हणाला की त्या पोरीनं माझं गाणं पळवलं.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. कारण गाणं कसं पळवतात ते आम्ही पाहिलं होतं.

त्याला आता तीन हंगाम झाले. आमची टोळी वरच्या भागात होती. कुठल्या कारखान्याला ते सांगत नाही. टोळीत एक पोरगी होती, वय सोळा. दहावी झालेली, पण मागं सांभाळायला कुणी नाही म्हणून आई-बापानं बरोबर आणलेली. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायला लागली की ट्रॅक्टरवाला हेच गाणं लावायचा. बरोबर तेव्हाच. आणि ती ओळ आली की स्वतः गायचा, ‘लागला’. बाकीचे हसायचे. पोरीच्या डोक्यावर मोळी, हात वर, पदर सावरायला हात मोकळा नाही. अशा वेळी माणूस कुठं बघणार? तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला ताप आलाय. ताप नव्हता. खाडा पडला, पैसे कापले.

चौथ्या दिवशी गाणं लागलं तेव्हा थोरल्या मावशी फळीच्या खाली उभ्या राहिल्या. हातात कोयता होता, कारण कामाच्या वेळी हातात कोयताच असतो. त्या म्हणाल्या, “बंद कर रे ते. तुला गाणंच येत नाही.”

तो हसला. “काय चुकलं मावशी?”

“लागला न्हाई म्हणलेलं. लागंल म्हणलंय. लागायचा हाय अजून. आन् आला तर बघून घिऊ, फडात धा कोयते हायेत.”

आणि मावशींनी ते गाणं स्वतः सुरू केलं. पहिल्यापासून, नीट, ‘गं’सकट, ‘सांभाळ’वर जोर देऊन. साठीच्या बाईचा आवाज, धुळीनं घोगरा झालेला. आम्ही आधी गप्प होतो, लाज वाटली. मग एकीनं झील धरली, मग सगळ्यांनी. मोळ्या बांधता बांधता अख्खं गाणं म्हटलं. पोरगी वर ट्रॉलीत उभी होती. तिनंही ओठ हलवले असं आम्हाला वाटलं, पण ती म्हणते की नाही हलवले, खोटं सांगू नका. बरं, नाही हलवले.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरवर अभंग लागले.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. पण हे मुकादमाच्या कानावर गेलं. तो पोरीच्या बापाकडं आला आणि म्हणाला, “पोरगी मोठी झाली, उगाच बोभाटा नको. लग्न लावून टाक. नवा कोयता होईल, उचल वाढवून देतो.” बायांनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरीचं लग्न लागलं की एक कोयता वाढतो, उचल वाढते, आणि आई-बापाच्या डोक्यावरची राखणही जाते. आपल्या भागात किती पोरींची लग्नं अशी लागली! ‘सोळावं वरीस धोक्याचं’ हे शब्द म्हातारी माणसं म्हणीसारखे वापरतात. धोका कुणापासून, हे कुणी विचारत नाही. कोल्ह्याला कुणी बांधत नाही, ऊसच तोडून टाकतात.

बाप तयार झाला होता. वाईट माणूस नाही तो. घाबरलेला होता. रात्री आम्ही पाच-सहा जणी त्यांच्या कोपीवर गेलो. कायद्यानं अठरा पूर्ण लागतात हे सांगून झालं, त्यानं मान हलवली, पण ऐकलं नाही. कायदा धारूरला असतो, कोपीत नसतो असं त्याचं तोंड म्हणत होतं. मग मावशी म्हणाल्या, “तू तीस वर्सं ऊस तोडतोस. कवळा ऊस तोडला तर काय व्हतं?”

तो म्हणाला, “उतारा लागत न्हाई.”

“शेतकी ऑफिसरनं कवळ्या उसाला तोड दिली तर तू काय म्हणशील?”

“येडा हाय म्हणीन.”

“मग?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो एवढंच म्हणाला की पट्टा पडल्यावर बघू. पट्टा पडल्यावर त्यानं लग्न लावलं नाही. वाढीव उचल मिळाली नाही, म्हणून आम्ही गटातून वीस हजार दिले. ते तो अजून फेडतोय, दोन हप्ते थकलेत, आणि त्यावरून गटात कुरकुर आहे हेही सांगतो. पोरगी पुढच्या हंगामाला आली नाही. आजीकडं राहिली, अकरावीत नाव घातलं. एक वर्ष आजीच्या आजारपणात बुडालं. आता बारावीला आहे.

हे भाषण लिहायला तिचीच मदत झाली, आमच्यातल्या सगळ्यांना भरभर लिहिता येत नाही. कोपीतली ती कवळ्या उसाची गोष्ट तिला आम्ही मोठ्या कौतुकानं सांगितली. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “मावशी, म्हणजे तुम्ही पण मला ऊसच म्हणालात की. मी उतारा द्यायला मोठी होतीय का?”

आम्हाला उत्तर आलं नाही. थोरल्या मावशी म्हणाल्या, “त्या रात्री तुझ्या बापाला दुसरी भाषा कळत न्हवती, पोरी.” ती म्हणाली, “ते खरं आहे,” आणि परत लिहायला लागली. पण तिचं म्हणणं आमच्या मनातून गेलेलं नाही. गाणं माडगूळकरांचं असो की बोलणं आमचं, बाई म्हटलं की शेत, पीक, फळ, पाडाचा आंबा हेच तोंडात येतं. ज्या चौघी हे गाणं नको म्हणत होत्या त्यांनी तिची बाजू घेतली. त्यातल्या दोघी अजून नकोच म्हणतात. आज त्या इथं आल्यात, पण गाणं लागलं की बाहेर जाऊन उभ्या राहणार असं सांगून आल्यात. राहू द्या.

सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. वय झालेलं, राष्ट्रपती भवनात चाकाच्या खुर्चीवरून नेलं त्यांना. डोक्यावर पदर तसाच. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या मुंबईत गेल्या, एकोणनव्वद वर्षांच्या होऊन. त्या दिवशी आम्ही फडावर होतो. बातमी एकीच्या मोबाईलवर आली. थोरल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मोळी बांधा आधी, ट्रॅक्टर थांबलाय.” मोळ्या भरून झाल्यावर त्यांनी घमेल्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि जरा वेळ बांधावर बसल्या. त्यांचा मुलगा ढोलकी वाजवतो, विजय चव्हाण, मोठं नाव आहे, हे आम्ही त्यांना तेव्हा सांगितलं. “बरं झालं,” म्हणाल्या, “घरात वाजणारं कुणी तरी राहिलं.”

आता गाणं लावतो. मशीनपाशी आज तीच पोरगी बसलीय, रेडिओवरच्या ताईंनी तिला बटणं शिकवलीत. ती म्हणते आधी ते अमेरिकेचं लावते, मग आपलं. आम्ही म्हटलं, आधी आपलं लाव. तिनं ऐकलेलं दिसत नाही. आवाज मोठा करा.